जुनं लाकडी बाहुलीघर घेताय? आधी उलटं करा, मग भाव करा

दोन वर्षांपूर्वी लेकीच्या सहाव्या वाढदिवसाला मी एक जुनं बाहुलीघर घेतलं. साडेतीन हजारांना. फोटोत गुलाबी भिंती, पांढऱ्या खिडक्या, वर निळं छप्पर. प्रत्यक्ष बघितलं तेव्हाही तसंच. रंगाचा वास अजून पुरता गेला नव्हता आणि मला वाटलं, किती निगुतीनं ठेवलंय. जूनमध्ये आणलं आणि श्रावणात खालच्या मजल्याला पोट आलं. इवलासा सोफा ठेवला की घरंगळून दारातून बाहेर. त्याच आठवड्यात स्वयंपाकघराची दारं नीट करायला सुतारमामा आले होते. जाता जाता त्यांनी त्या घराकडे नजर टाकली, अंगठ्याच्या नखानं गुलाबी रंगाचा एक पोपडा उचलला आणि म्हणाले, "वहिनी, ह्ये पाण्यातनं काढलेलं हाय."

रंगाखाली तळापासून चार बोटांवर, चारही भिंतींना अगदी एकाच उंचीवर, तपकिरी रेघ होती. सांगलीत राहणाऱ्याला ती पुराच्या पाण्याची हे सांगावं लागत नाही.

मी इथलीच, तरी माझ्या डोक्यात आलं नाही, कारण मी समोरून बघत बसले होते. विकायचं म्हणून रंग मारतात तो पुढच्या बाजूला. तळाला कुणी मारत नाही. पुढे सहा महिन्यांनी दुसरं घर घेतलं ते उलटं करून, मागून, आतून, टॉर्च मारून. ते अजून धडधाकट आहे. त्या दोन घरांत जे शिकले ते क्रमानं लिहिते.

आणखी एक. आपल्याकडे भातुकली होती, ठकी होती, बाहुला-बाहुलीचं लग्न धूमधडाक्यात व्हायचं, पण बाहुलीला लाकडी घर नव्हतं. आमचं बाहुलीचं घर म्हणजे शिलाई मशीनच्या पायडलाखालची जागा. त्यामुळे भांड्याला कल्हई हवी का हे सांगणारी आजी घरात असते, बाहुलीघराला टिचकी मारून बघ म्हणणारं कुणी नसतं.

सोबत काय न्यायचं

- मोबाइलचा टॉर्च आणि मोजायचा टेप
- काटकोन तपासायचा सुताराचा छोटा गुण्या. नसेल तर एफोर आकाराचा कोरा कागद, त्याचा कोपरा नेमका काटकोनात असतो
- एक गोटी
- दाभण किंवा जाड सुई
- पांढरा सुती रुमाल, थोडा ओला करून पिशवीत
- जुनी चादर, घर आडवं-उलटं करायला
- ज्या बाहुलीसाठी घर घेताय ती बाहुली (हसू नका, पायरी २ वाचा)
- शक्य असेल तर बरोबर दुसरं माणूस. ही घरं एकट्यानं उलटी करता येत नाहीत, आणि "एकट्या आहात, राहू द्या ना" हे विकणाऱ्याला आयतं निमित्त मिळतं

कागदपत्रं म्हणाल तर फार नाहीत. मूळ खरेदीची पावती किंवा जोडणीचं पत्रक असेल तर मागून घ्या. पत्रकात सुट्या भागांची यादी असते, काय हरवलंय ते लगेच कळतं. सुताराकडून करून घेतलेलं असेल तर पत्रक नसणारच. तेव्हा ते कधी आणि कुणासाठी केलं एवढं विचारा.

१. आधी फोनवर विचारा

जाण्याआधी चार गोष्टी विचारायच्या. बाहेरून लांबी-रुंदी-उंची किती? कशाचं केलंय, प्लाय, एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी) की सलग लाकूड? इतकी वर्षं कुठे ठेवलं होतं, खोलीत, गच्चीवर की गोदामात? आणि चौथा प्रश्न खास आपल्या भागाचा: २०१९ ला तुमच्याकडे पाणी आलं होतं का?

तो प्रश्न अवघडून विचारू नका. त्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथे धोक्याची पातळीच ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. मारुती चौक, कर्नाळ रोड, शामरावनगर अशा भागांत घराघरांतलं लाकडी सामान भिजलं, वाळवलं गेलं आणि त्यातलं बरंचसं अजून हातोहात फिरतंय. लोक फसवतातच असं नाही. दोन-तीन हात बदललेल्या वस्तूचा इतिहास विकणाऱ्यालाही ठाऊक नसतो. म्हणून उत्तर "नाही" आलं तरी पायरी ३ सोडायची नाही.

फोटो मागाल तर तळाचा आणि पाठीचा मागा. समोरचे दहा फोटो पाठवणारा माणूस तळाचा एक पाठवायला टाळाटाळ करत असेल, तर पेट्रोल वाचवा.

"प्युअर वूड आहे हो" या वाक्याचा अर्थ काहीही निघतो. आणि वस्तू बघायच्या आधी ॲडव्हान्स द्यायचा नाही. पैसे परत करायला क्यूआर कोड पाठवतो असं कुणी म्हणालं तर तिथेच फोन ठेवा. कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

२. माप: बाहुली आत मावते का?

हा मजबुतीचा मुद्दा नाही, पण इथे चुकलात तर पुढचं सगळं व्यर्थ. बाहुलीघरांचं सर्वात रुळलेलं प्रमाण एकास बारा, म्हणजे खऱ्या घरातला एक फूट तो इथे एक इंच. मोठं माणूस साडेपाच-सहा इंचांचं. आपली नवी दिल्ली आखणाऱ्या लट्येन्सनं इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२४ मध्ये पुरं केलेलं प्रसिद्ध बाहुलीघर याच प्रमाणातलं आहे. त्याहून लहान, एकास चोवीस प्रमाणातलीही घरं मिळतात.

पण आपल्या मुलींच्या हातात असते बार्बी, आणि ती साधारण २९ सेंटीमीटर उंच. तिला मजल्याची आतली उंची निदान ३२-३५ सेंटीमीटर हवी. एकास बारा घरात ती उभी राहू शकत नाही. म्हणून बाहुली बरोबर न्या आणि दारातून आत घालून बघा. बार्बीची घरं उंच आणि अरुंद असतात, तीन मजल्यांचं चार फुटांपर्यंत जातं, म्हणजे कलंडण्याची भीतीही जास्त. ते पायरी ११ मध्ये येईल.

३. उलटं करा

चादर अंथरा, आतलं सामान बाहेर काढा, दारं सुतळीनं बांधा आणि दोघांनी मिळून घर आधी पाठीवर आणि मग छपरावर आडवं करा. उतरतं छप्पर असेल तर एका कुशीवर करा, छपराच्या धारेवर भार टाकू नका.

उचलताना वजनाचा अंदाज घ्या. अडीच फूट रुंदीचं, ९ मिलिमीटर प्लायचं दुमजली घर दहा-बारा किलोंच्या आसपास भरतं. त्याच मापाचं एमडीएफचं घर थोडं जडच लागतं. फारच हलकं लागलं तर भिंती ३-४ मिलिमीटरच्या आहेत असं समजा. ते घर शोभेचं, खेळायचं नाही.

आता तळ. सगळ्यात आधी कडा बघा, कारण माल कुठला ते कडेला कळतं. प्लायच्या कडेला पदर दिसतात, एकाआड एक गडद आणि फिके. एमडीएफची कड पुठ्ठ्यासारखी एकसंध, पदर नाहीत, रेषा नाही. पार्टिकल बोर्डाच्या कडेला भुशाचे कण दाबलेले दिसतात.

पाण्याच्या खुणा प्रत्येकाच्या वेगळ्या. भिजलेला एमडीएफ कडेला फुगतो आणि वाळला तरी पहिल्या जाडीवर परत येत नाही. टेपनं एकाच फळीची जाडी तळाला आणि वर मोजा. ९ मिलिमीटरची फळी खाली ११ भरत असेल तर विषय संपला. पार्टिकल बोर्ड नखानं उकरला तर भुसा पडतो. हलका प्लाय भिजला की खारीसारखे पदर सुटतात. कडेला दाभण टेकवून बघा, पदरांत सहज शिरायला नको. सलग लाकूड मात्र एकदा भिजून नीट वाळलं तर बचावतंही. त्याला डाग पडतो, थोडा पीळ येतो, पण कुजलं नसेल तर चालतं. दाभण टोचून बघा: चांगलं लाकूड दाभणाला अडवतं, कुजकं शिरू देतं.

मग रेघ शोधा. पाणी चढून थांबतं तिथे डाग राहतो, आणि तो सगळ्या भिंतींना एकाच उंचीवर असतो. चहा सांडल्याचा डाग असा चौफेर जात नाही. बाहेरून रंगवलं असेल तर जिन्याखाली, फडताळाच्या आत, छपराच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. रंगाऱ्याचा ब्रश तिथे पोचत नाही. आतल्या कोपऱ्यांत करडी, पिठासारखी माती साचलेली दिसली, ओल्या रुमालावर ती काळपट उतरली, तर तो गाळ आहे. घरातली धूळ एवढी चिकट नसते.

खिळे बघा. रंगातून तपकिरी ठिपके फुटून आलेत का? खिळा आतून गंजला की रंगाला गोल डाग पडतो, आणि असे दहा-बारा ठिपके खालच्याच भागात दिसले तर ते पाण्याचंच काम.

माझ्या पहिल्या घरात यातलं सगळं होतं. फुगलेली कड, ठिपके, जिन्याखाली गाळ. दोन मिनिटांचं काम होतं, मी केलं नाही.

दुसरं घर मिळालं किर्लोस्करवाडीला, कारखान्यातून पॅटर्नमेकर म्हणून निवृत्त झालेल्या एका आजोबांकडे. त्यांनी ते नव्वदच्या दशकात लेकीसाठी केलेलं, आता नात परदेशात. पॅटर्नमेकर म्हणजे ओतकामाचा लाकडी साचा करणारा. अर्धा मिलिमीटर इकडचं तिकडं झालं तर लोखंडाचा अख्खा भाग वाया, अशा कामातला माणूस. घर दिसायला अगदीच ओबडधोबड. खिडक्या लहान, जिना शिडीसारखा उभा, हिरवं छप्पर. पण उलटं केलं तर तळाला पेन्सिलीनं घातलेले आकडे अजून दिसत होते, प्रत्येक फळीला नंबर आणि कुठली बाजू पुढे त्याचा बाण. स्क्रू पितळी, सगळ्यांच्या खाचा एका दिशेला. मी तळ बघतच राहिले, तर आजोबा म्हणाले, "पहिलंच गिऱ्हाईक, ज्यानं खालून बघितलं."

४. लाकूड ओळखा आणि टिचकी मारा

सुतारांनी केलेल्या घरांत प्लाय नसेल तर सहसा तीन प्रकार सापडतात. सागवान उरलंसुरलं वापरलेलं असेल तर तुमचं नशीब. हाताला किंचित तेलकट, रंग पिवळसर तपकिरी, आणि त्याचा गाभा किड्याला सहजी दाद देत नाही. आंब्याचं लाकूड स्वस्त आणि रंगवायला बरं, पण किडा पहिला त्यावर बसतो. तिसरं पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन: फिकं, हलकं, गाठींचे गोल डोळे असलेलं. मिरज-कुपवाडच्या एमआयडीसीत यंत्रांच्या पेट्या फोडून हे लाकूड निघतं. ते वाईट नाही, मात्र फळीवर पेटीचा शिक्का राहिला असेल तर वाचा. परदेशातून आलेल्या पेट्यांवर इंग्रजीत एचटी असेल तर लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. एमबीचं लाकूड मुलांच्या खेळण्यात नको.

गाठ भिंतीच्या मधे असेल तर चालते. खांबात, जिन्याच्या कडेला किंवा बिजागरीच्या स्क्रूपाशी असेल तर तिथेच तडा जातो.

आता टिचकी. माझं माहेर मिरजेचं, सतारमेकर गल्लीच्या मागचं. टिचकी मारून नाद ऐकणारी माणसं लहानपणापासून बघितलेली. इथे एवढा कान लागत नाही. बोटाच्या पेरानं प्रत्येक फळीवर वरून खालपर्यंत टकटक करत जा. आवाज एकसारखा यायला हवा. मधेच बद्द झाला तर तिथे आतून पोखरलंय किंवा पदर सुटलेत. खुळखुळला तर फळी सांध्यातून सुटलीय.

५. सांधे आणि गुण्या

घर परत उभं करून सपाट फरशीवर ठेवा आणि समोरासमोरचे दोन वरचे कोपरे धरून हलकेच डावी-उजवीकडे ढकला. पत्त्यांच्या बंगल्यासारखं झुकलं तर सांधे गेले. नुसतं उभं असताना डुगडुगलं तर आधी फरशी बघा, घर फिरवून ठेवा. तरी तोच कोपरा उचलत असेल तर तळाला पीळ आहे.

मग मागच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपनं मोजा, डावा वरचा कोपरा ते उजवा खालचा आणि उलट. दोन्ही सारखे आले तर घर गुण्यात. तीन-चार मिलिमीटरचा फरक हाताच्या कामात चालतो. सेंटीमीटरभर असेल तर दारं कधीच नीट लागणार नाहीत, कितीही तासा.

सांध्याची जात कशी ओळखायची? मजल्याची फळी भिंतीत खाच पाडून बसवली असेल तर उत्तम, वजन खाचेवर येतं. फळीला फळी चिकटवून मागून नुसत्या चुका (बारीक खिळे) ठोकल्या असतील तर वजन चुकांवर येतं, आणि मुलगी कोपर टेकवून आत वाकली की मजला खाली. मजल्यावर तळहात ठेवून दाबून बघा, विकणाऱ्याला विचारून. मजला लवला आणि परत आला तर ठीक, सांध्यात काळी फट उघडली तर नाही. गोंद वाळून पिवळा-काचेसारखा झाला असेल तर सांधा टिचकीनं सुटतो. हे दोष दुरुस्त होतात: गोंद खरवडायचा, नवा फेविकॉल, रात्रभर दोरीनं आवळून ठेवायचं. पण ते काम धरूनच भाव ठरवा.

पाठीची फळी आहे ना, हेही बघा. कित्येक घरांची पाठ उघडी असते, खेळायला सोपी म्हणून. अशा घराला तिरकेपणा आवरणारं काही उरत नाही, म्हणून त्याचे सांधे दुप्पट कडकपणे तपासा.

गोटी प्रत्येक मजल्यावर ठेवायची. घरंगळली तर घर उलट्या तोंडानं फिरवून पुन्हा ठेवा. घराच्या त्याच बाजूला गेली तर दोष घरात, खोलीच्या त्याच बाजूला गेली तर दोष त्यांच्या फरशीत.

६. वाळवी आणि किडा

या दोघांत लोक नेहमी गल्लत करतात. वाळवी मातीच्या नळ्या करत येते, फळी आतून खाते, वरचा पापुद्रा शाबूत ठेवते. दाभण टोचलं की भसकन आत जातं. वाळवी दिसली तर घेऊ नका, फुकट दिलं तरी. तुमच्या चौकटी त्या घराहून महाग आहेत.

लाकूड पोखरणारा भुंगेरा वेगळा. तो दीड-दोन मिलिमीटरची गोल भोकं पाडतो, टाचणीनं टोचल्यासारखी, आणि खाली टाल्कम पावडरीसारखा बारीक भुसा पडतो. भोक आतून काळपट, धूळ भरलेलं असेल तर जुनं. किडा कदाचित कधीच उडून गेला. भोकाचा आतला रंग ताज्या लाकडासारखा फिका आणि खाली ढिगारा, तर तो अजून आत आहे. दोन-चार जुन्या भोकांना घाबरू नका.

इथे एक सापळा आहे. भोकं लांबीनं (पुट्टीनं) बुजवून वर रंग मारलेला असतो. टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून तिरका मारा, बुजवलेले ठिपके खळगी-उंचवट्यासारखे उठून दिसतात.

वासही घ्या. डांबरगोळ्यांचा उग्र वास बहुधा कुबट वास झाकायला असतो. रॉकेलचा किंवा औषधाचा आला तर काय मारलंय ते स्पष्ट विचारा. वाळवीवर वापरतात ते क्लोरपायरीफॉस शेतातलं कीटकनाशक आहे, आणि मुलं खेळताना हात तोंडात घालतात.

७. रंग

जुना ऑइल पेंट म्हटला की शिशाचा प्रश्न येतो. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाला ती हमी नाही, आणि पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा असे भडक रंग जास्त संशयाचे. आता मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह लागतं, पण तेही १ जानेवारी २०२१ पासून. जुन्या घरावर ते शोधून उपयोग नाही.

ओला रुमाल रंगावर घासा. रंग रुमालावर खडूसारखा उतरला तर तो मुलांच्या हातालाही लागणार. पोपडे निघत असतील तर घरात चार-पाच वर्षांखालचं मूल आहे का याचा विचार करा, ती तोंडात घालतात.

शिसं तपासायच्या काड्या ऑनलाइन मिळतात. शिसं असलं तर गुलाबी-लाल होतात. लाल रंगावर मात्र काही कळत नाही. किर्लोस्करवाडीच्या घराला भिंतींवर नुसतं पॉलिश होतं, पण त्या हिरव्या छपरावर काडी घासली तर लालचुटूक. एवढं चांगलं घर आणि हे! शेवटी छपराचे सहा स्क्रू काढून छप्परच बदललं, सुतारमामांनी नव्या प्लायचं सहाशेत करून दिलं.

शिशाचा संशय असलेला रंग घरी पॉलिश पेपरनं कोरडा घासू नका, ब्लोअरनं तापवूही नका. धूळ आणि वाफ दोन्ही रंगापेक्षा वाईट. तेवढा भाग काढून टाकता येत असेल तर काढा, नसेल तर घर सोडा.

८. दारं, खिडक्या, जिना

प्रत्येक दार पूर्ण उघडून बंद करा. स्क्रू बिजागरीत नुसता फिरतोय का बघा. फिरत असेल तर भोक मोठं झालंय. त्यात काडीपेटीची काडी फेविकॉल लावून ठोकली की स्क्रू परत धरतो. एमडीएफमध्ये हा उपाय फार टिकत नाही.

महिना लक्षात ठेवा. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेनं फुगतं आणि आक्रसतं, लांबीत जवळपास नाही. मे महिन्यात जे दार लोण्यासारखं फिरतं ते ऑगस्टमध्ये अडकू शकतं, म्हणून उन्हाळ्यात दाराभोवती नखभर फट दिसली तर ती चांगली समजा. पावसाळ्यात थोडं घट्ट लागलं तर लगेच तासायला घेऊ नका.

खिडकीला काच असेल तर काढून ॲक्रिलिक बसवा. जिन्याचा कठडा हलवून बघा, तोच पहिला तुटतो. तीन वर्षांखालचं मूल असेल तर तीन-साडेतीन सेंटीमीटरपेक्षा लहान जे सुटं होईल ते सगळं डब्यात.

९. दिवे

आतून बल्ब लावलेलं घर बघून मुलं वेडी होतात. वायर कुठे जाते ते बघा. बॅटरीच्या डबीत गेली तर ठीक; डबी उघडा, पांढरी-हिरवी पूड असेल तर सेल गळलेत, डबी बदला. बारा व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर असेल तरी चालेल.

पण कुणा हौशी माणसानं दिवाळीची माळ आत फिरवून पिन थेट भिंतीतल्या बोर्डाला दिली असेल तर ते २३० व्होल्ट आहेत, लाकडी खोक्यात, मुलीच्या हाताशी. चालू करून दाखवतो म्हणाले तरी हात लावू नका. घर आवडलं तर सगळी वायर उपटून टाकायची या अटीवर घ्या. आणि नाण्यासारखे चपटे सेल वापरणारे दिवे लहान मुलांच्या घरात नकोतच. गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते.

१०. भाव

सुटलेला सांधा, हरवलेली बिजागरी, गेलेला कठडा, किरकोळ तडा, उडालेलं पॉलिश: हे सगळं दुरुस्त होतं, यावर भाव पाडा. फुगलेला एमडीएफ, वाळवी, पिळलेला तळ, सगळीकडे शिशाचा रंग: यावर भाव पाडत बसू नका, परत या. अर्ध्या किमतीत मिळालं म्हणून फुगलेली फळी खाली बसत नाही.

दोष मोठ्यानं मोजून दाखवायची आपल्याकडे पद्धत आहे, मंडईत वांगी घेतल्यासारखी. इथे ती फारशी चालत नाही. लोकांच्या मुली त्या घरात खेळलेल्या असतात. "हा मजला सुटलाय, सुतार लावावा लागेल, म्हणून एवढे कमी देते" असं सरळ सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात. आजोबांनी अडीच हजार सांगितले होते, मी छपराबद्दल काहीच बोलले नाही कारण तेव्हा मला ठाऊक नव्हतं. बावीसशेत दिलं. वर उरलेल्या पितळी स्क्रूंची डबी दिली, तिचे पैसे घेतले नाहीत.

११. घरी आणल्यावर

गाडीत घर नेहमी तळावर उभं, आडवं नाही. मजल्यांच्या मधे उशा कोंबा, दारं बांधा. उतरवताना छपराला धरायचं नाही.

पहिले पंधरा दिवस ते इतर लाकडी सामानापासून लांब, खाली काळा चार्टपेपर अंथरून ठेवा. किडा जिवंत असेल तर काळ्यावर पांढरा भुसा लगेच दिसतो. आतलं छोटं लाकडी फर्निचर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये घातलं की त्यातला किडा मरतो. (आमच्या फ्रीझरमध्ये मटारच्या शेजारी डबलबेड होता. सासूबाईंनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.)

मुलीला धीर नसतो, हे खरं. आमच्या लेकीनं चौथ्या दिवशी ठकी चोरून आत बसवली होती.

उंच घर भिंतीला एका छोट्या लोखंडी पट्टीनं अडकवा. पुढची दारं उघडली की सगळा भार पुढे येतो, आणि मूल दाराला लोंबकळतं. तळाला चार रबरी पाय लावा, म्हणजे लादी पुसताना पाणी तळात मुरत नाही.

आमचं घर त्या चार पायांवर खिडकीपासून लांबच्या भिंतीला उभं आहे. जुलैत आयर्विनची पातळी ४० फुटांकडे सरकायला लागली की गॅसची टाकी आणि धान्याचे डबे यांच्याबरोबर तेही वरच्या मजल्यावर जातं. दोघांनी तळाखाली हात घालून उचलायचं, लेक पुढे दारं धरून चालते.